सवतीच्या नावाची साडी

आमच्या बोरीत चांगुणाबाईच्या गिरणीवर दळण ठेवून कुणी लगेच घरी जात नाही. पायली-दोन पायली ज्वारी दळायला किती वेळ लागतो? पण बाया तासभर बसतात, कारण पिठासोबत गावाच्या बातम्याही तिथंच दळून मिळतात. मी समोरच राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तेव्हा बातम्या पुरवण्यात माझाही वाटा असतो. नाही म्हणत नाही.

चांगुणाबाई सत्तेचाळीस वर्षांची. उंच, हाडापेरानं मजबूत. दिवसभर पापण्यांपर्यंत पीठ, त्यामुळं दुपारी बघावं तर साठीची वाटते आणि संध्याकाळी तोंड धुतलं की एकदम पस्तिशीची. हसली की डाव्या बाजूचे दोन दात नसल्याचं दिसतं. ते दात तिच्या पहिल्या नवऱ्यानं, सितारामनं, लोखंडी मापट्यानं पाडले. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. चांगुणा सांगते, "मीठ बरुबर हुतं बाई, त्याचीच जास्त झाली हुती." तेरा वर्षं त्यानं तिला मारलं. चपलेनं, पट्ट्यानं, एकदा तर पाळण्याच्या दांडीनं, आणि त्या पाळण्यात झोपायला पुढं कुणी आलंच नाही. चौदाव्या वर्षी सिताराम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली गेला. चांगुणा तीन दिवस रडली, महिन्याभरानं घराच्या पुढच्या खोलीत गिरणी बसवली.

मग तिच्या राखणीचं काम तिच्या थोरल्या भावानं, लिंबाजीनं घेतलं. लिंबाजी दोन गल्ल्या पलीकडं राहतो. मोबाइलवर रोज सकाळी सुविचार पाठवतो आणि संध्याकाळी बहिणीवर नजर ठेवतो. कुणा गिऱ्हाइकाशी ती दोन शब्द जास्त बोलली की लिंबाजी गिरणीत येऊन लोकांदेखत थोबाडीत द्यायचा. एकदा तिच्या कानातून रक्त आलं, तरी तिनं आधी बाईचं दळण पुरं केलं आणि मग कान पुसला.

अशा बाईचं अंग कसं होतं ते सांगते. फळीवरचा डबा काढायला कुणी बाप्या हात वर करायचा, आणि चांगुणा बसल्या जागी दोन्ही हातांत डोकं घालून गोळा व्हायची. मग स्वतःच हसायची. मी तिला चिडवत असे, "चांगुणा, डबा पाडायलेत, तुला न्हाई." एकदा ती म्हणाली, "बाई, मला सोनं नको, नाणं नको. एक घर पायजे, जिथं माणूस जाग्यावरून उठला की माझं अंग आकसू नये. एवढंच."

तर अशा घरात बन्सीधर आला.

गिरणीचे दगड झिजून गुळगुळीत झाले की पीठ जाडं पडतं. मग छिन्नी-हातोड्यानं त्या दगडांना पुन्हा दात पाडावे लागतात. हे काम करणारी माणसं आता थोडी उरलीत. बन्सीधर त्यातला एक. मोटारसायकलला पोतं बांधून गावोगाव फिरायचा, दोन महिन्यांनी आमच्याकडं. वय बावन्न. केसांना काळा कलप, तो कानाच्या पाळीलाही लागलेला असायचा. आवाज मात्र असा मऊ की ऐकणाऱ्यानं पुढं सरकून ऐकावं. चांगुणा पुढं सरकून ऐकायची, हे मी माझ्या ओट्यावरून दोनदा पाहिलं आणि गल्लीला चारदा सांगितलं.

तो रंडवा होता, बायको वारलेला. निदान तसं सांगायचा. पिठलं-भाकर खाता खाता एकदा थांबला आणि म्हणाला, "माझी सरजा असंच पिठलं करायची. ताप डोक्यात गेला. तिसऱ्या दिशी संपली." आणि उपरण्यानं डोळे टिपले. मी शाळेच्या गॅदरिंगची नाटकं वीस वर्षं बसवतेय, मला खोटं रडणं लगेच कळतं. हे रडणं मला खरं वाटलं. चांगुणाला मीच म्हटलं, "बाप्या बायकोसाठी रडायलाय. असला नमुना परभणी जिल्ह्यात दुसरा मिळायचा न्हाई."

लिंबाजीला सुगावा लागला. लागला म्हणजे, गल्लीतून लागला. कुणाकडून ते सोडा. भर दुपारी तो बैलाचा चाबूक घेऊन आला. गिरणी थांबलेली, पाच-सहा बाया खोळंबून बसलेल्या, बन्सीधर हातोडा घेऊन उतरवलेल्या दगडापाशी. लिंबाजीनं काही विचारलं नाही. पहिला फटका चांगुणाच्या पाठीवर बसला, चोळी फाटली. दुसरा यायच्या आत बन्सीधर हातोडा खाली टाकून उठला आणि मध्ये उभा राहिला. लिंबाजीकडं पाठ करून, दोन्ही हातांनी खांब धरून. चाबूक सात वेळा पडला. मी मोजले. शर्ट पाठीला चिकटला, रक्त पायजम्यापर्यंत आलं, पण माणसानं खांबाचा हात सोडला नाही. शेवटी लिंबाजीच दमला. तेव्हा बन्सीधर वळून म्हणाला, "भाऊ, झालं आसंल तर पानी घ्या. उन्हाचे आलाव."

गल्लीतल्या निम्म्या बाया तिथल्या तिथं त्याच्या प्रेमात पडल्या. उरलेल्या निम्म्यांचे नवरे सोबत होते. चांगुणानं त्याच्या पाठीला हळद लावता लावता मला सांगितलं, "हातात हातोडा हुता बाई त्याच्या. उचलला न्हाई." तिचं ठरलं होतं.

चारठाण्याच्या जुन्या देवळात मोहतूर लागला. विधवेचं दुसरं लग्न, त्यात वाजंत्री नाही, फार माणसं नाहीत. लिंबाजी आला नाही. मी गेले, आणि करवलीचा मान घेऊन पोटभर जेवले. सिनेमात पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला नटीचं काम कुणी देत नाही, सासूचं देतात. आमच्या गल्लीनं मात्र ते दिलं.

आणि पुढचे चौदा महिने, मी शेजारीण म्हणून साक्ष देते, त्या घरातून एक मोठा आवाज आला नाही. बन्सीधर दिवसभर गावोगावच्या गिरण्यांच्या दगडांवर ठोकायचा. मी म्हणायचे, "ह्याची मारायची हौस दगडावरच फिटती." चांगुणा हसायची, आणि हसताना तोंडावर पदर घ्यायची, जे तिनं आधी कधी केलं नव्हतं. एकदा मी मुद्दाम तिच्या मागून हात वर नेला, जळमट काढायच्या निमित्तानं. ती आकसली नाही. वळून म्हणाली, "बाई, काय शोधायलाव?"

दुसरपणाच्या नवऱ्याशी लग्न झालं की पहिलीचा टाक गळ्यात घालायची आमच्याकडं रीत आहे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली छोटी बाई. मेलेलीला मान मिळाला की ती नव्या संसाराला नडत नाही, असं समजतात. बन्सीधर म्हणाला, "कशाला ते जुनं?" पण चांगुणानं हट्ट धरला. "तिची जागा घेतली म्या. तिला काहीतरी द्यायला नको?" सोनारानं टाक घडवला. देवापुढं पुजताना नाव सांगावं लागतं. बन्सीधर जरा थांबला आणि म्हणाला, "सरजा. माहेर पिंगळी." दोन्ही खरं सांगितलं. खोटं फक्त ती मेली एवढंच होतं.

भाद्रपदातला पित्तरपाट आला. अहेव नवमीला, नवरा जिवंत असताना मेलेल्या बायांच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात, साडीचोळी देतात. चांगुणाच्या मनात आलं, साडी पिंगळीला सरजाच्या माहेरी नेऊन द्यायची. बन्सीधरला विचारलं तर तो म्हणाला, "तिथं आता कुणी न्हाई. उगं कशाला?" ह्यावर दुसरी बाई गप्प बसली असती. चांगुणाला वाटलं, माहेरच्यांशी ह्याचं बिनसलं असेल, आपण जाऊन मिटवावं. त्याला सांगितलं, बाईसोबत परभणीला डोळे दाखवायला जाते. नवमी त्या साली रविवारी होती, गिरणीचे दगड उतरवून दात पाडायचं काम त्यानं त्याच दिवशी काढलं होतं. आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. चौदा महिन्यांत तिनं नवऱ्याशी बोललेलं हे पहिलं खोटं. मी वाटेत त्यावरून तिला छळलं.

पिंगळीत स्टेशनाजवळच्या पानटपरीवर विचारलं, "सरजाबाईचं घर?" पानवाला चुना लावता लावता म्हणाला, "ते काय, निंबाच्या मागं, पत्र्याचं." आम्हाला वाटलं, मेलेल्या माणसाच्या नावानं घर ओळखतातच की.

ओट्यावर एक बाई विळीवर भेंडी चिरत बसली होती. पंचेचाळीस-पन्नास, कपाळावर ठसठशीत कुंकू. डावं मनगट असं वाकडं जुळलेलं की पंजा बाहेरच्या बाजूला बघायचा. चांगुणाला वाटलं बहीण असेल. वाकून पाया पडली, पुरणपोळीचा डबा ठेवला, हिरवी साडी तिच्या पुढ्यात ठेवून वर बांगड्या ठेवल्या.

"नवमीचं हाय," चांगुणा म्हणाली. "सरजाबाईच्या नावानं. लय भाग्याची, अहेव गेली."

"कुठं गेली?" बाईनं विचारलं.

"म्हंजी, वारली न्हवं."

"कोन सांगितलं?"

"तिच्या मालकानं. बन्सीधररावानं."

बाईनं विळीवरून पाय काढला. चांगुणाच्या गळ्याकडं बघितलं. "आन हे काय हाय?"

"तिचाच टाक," चांगुणा म्हणाली. "रोज पुजते म्या तिला. एक दिस खाडा केला न्हाई."

"मी सरजा," ती बाई म्हणाली.

मला हे कळायला जितका वेळ लागला तितक्यात ती चांगुणाच्या अंगावर होती. टाकाचा काळा दोरा तिनं धड हातानं धरला आणि पीळ घातला. दोरा तुटेना. चांगुणाचा चेहरा आधी लाल झाला, मग पिठाचा नव्हे असा पांढरा. सरजाबाई वाकड्या पंजानं तिच्या तोंडावर मारत होती आणि बोलत होती, "माझा टाक. जित्तेपनी माझा टाक. पूजा करतीस माझी? दिवा लावतीस?" बांगड्या फुटल्या, काच चांगुणाच्या गालात गेली. मी माझी पर्स फिरवून सरजाबाईच्या डोक्यात हाणली. पर्समध्ये स्टीलचा डबा होता, त्यामुळं आवाज चांगला आला, परिणाम काही झाला नाही. शेवटी दोरा तुटला. टाक नालीत पडला, आणि सरजाबाईनं विळी उचलली.

चांगुणानं हात उगारला नाही. ती जमिनीवर बसली, दोन्ही हातांत डोकं घातलं आणि गोळा झाली. चौदा महिन्यांत मी ते पाहिलं नव्हतं.

सरजाबाई विळी घेऊन उभी राहिली. बघत राहिली. मग म्हणाली, "तुलाबी मारतो का त्यो?"

"न्हाई," चांगुणा गुडघ्यांतून म्हणाली. "त्यानं कधीच न्हाई."

"मग अशी कशापायी बसलीस?"

"ती आदीची सवय हाय."

सरजाबाईनं विळी ठेवली. धापा टाकत ओट्यावर बसली आणि डावं मनगट चांगुणापुढं धरलं. "नऊ वर्सं झाली. परक्या बाप्याला पानी का दिलं म्हनून. दगडावर हात ठिवायला लावला आन हातोड्यानं ठोकला. एक ठोका मारून इचारला, पुन्हा देशील का. मी न्हाई म्हनलं, तरी दुसरा मारला. सकाळी उठून निघून गेला ते आज तू त्याचं नाव घेतलंस."

"खोटं हाय," चांगुणा म्हणाली. तिच्या गालावरून रक्त पदरावर गळत होतं. "लिंबाजीदादाचे सात फटके खाल्ले त्यानं. हातात हातोडा असून उचलला न्हाई."

"बाप्यावर न्हाई उचलत त्यो. भेतो."

चांगुणानं डोक्यावरचे हात काढले. मग उठली, पदरानं गाल दाबला आणि म्हणाली, "चल माझ्यासंगं. तुझ्यासमोर त्याला इचारते. तू खोटी निघालीस तर तुझं काय करायचं ते मग बघू."

"आन खरी निघाले तर?"

चांगुणा वाटेला लागली. घर राहतं की जातं, हाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर बोरीत दगड ठोकत बसलं होतं.

परतीच्या एसटीत दोघी एका सीटवर बसल्या. एकीच्या गालावर माझा रुमाल, दुसरीच्या डोक्यावर टेंगूळ, ते मी दिलेलं. परभणी मागं पडल्यावर सरजाबाईनं डबा उघडला आणि पुरणपोळी खायला लागली. चांगुणानं बघितलं तशी म्हणाली, "माझ्याच नावाची हाय न्हवं? मग मीच खाते." दोन घासांनी पुन्हा म्हणाली, "तूप कमी घातलंस."

आता माझी चूक. मागच्या सीटवर बसून मी आमच्या गल्लीतल्या मनिषाला फोन केला. फक्त मनिषाला. आम्ही उतरलो तेव्हा गिरणीसमोर तीस माणसं होती आणि त्यांत चाबूक घेतलेला लिंबाजी होता.

बन्सीधर आत होता. वरचा दगड उतरवून जमिनीवर मांडलेला, त्यावर वाकून तो ठोकत होता. कान बधिर करणारा तो आवाज चालू असल्यानं बाहेरची गर्दी त्याला कळली नसावी. चांगुणा दारात उभी राहिली तसा थांबला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, "आलीस? डोळे काय म्हनले डागदर? आन गालाला काय झालं गं?"

मग चांगुणाच्या मागून सरजाबाई पुढं आली.

मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. भीती नाही, शरम नाही. त्यानं फक्त कंटाळल्यासारखा श्वास सोडला, जसा आम्ही शाळेत तपासणीचा साहेब आला की सोडतो. "ही येडी हाय," तो म्हणाला. "हिच्या डोक्यावर परिणाम झालेला. म्हनून म्हनलं मेली. सांगून तुला तरास कशाला?"

"हिचा हात कुनी मोडला?" चांगुणानं विचारलं.

"पडली असंल."

"आवं, मी तुमाला इचारायले. कुनी मोडला?"

"लबाड," सरजाबाई म्हणाली. "ह्याच हातोड्यानं मोडलास. दांडा तेवढा नवा घातलायस."

तेवढंच झालं. बन्सीधर जाग्यावरून उठला. तो उठला कसा ते मी सांगू शकत नाही, चौदा महिने मी त्याला हळूहळू, गुडघ्यावर हात टेकून उठताना पाहिलं होतं. हा एका झटक्यात उठला, हातोडा डोक्यावर गेला आणि सरजाबाईवर आला. चांगुणा मध्ये शिरली. फटका तिच्या उजव्या खांद्यावर, गळ्याच्या हाडावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. हात लगेच लोंबला.

बन्सीधरच्या हातून हातोडा पडला. तो खरोखर घाबरला. दगडापाशी गुडघ्यावर बसला, एक हात दगडावर टेकून दुसरा तिच्याकडं नेत म्हणाला, "तुला न्हाई गं चांगुणा. तुला कसं मारीन? तिला मारत हुतो."

तो हे मनापासून म्हणाला. समजूत काढावी तसं.

चांगुणा खाली वाकली. उजवा हात लोंबत होता म्हणून हातोडा डाव्या हातानं उचलला. बन्सीधरचा उजवा पंजा दगडावर पसरलेला होता, नव्या पाडलेल्या दातांवर. तिनं ठोकला. तो ओरडला, तसा दुसरा ठोकला. दळण आलं की दगडावर ज्वारी फुटते, तसं काहीतरी फुटलं, आणि रक्त दगडाच्या रेघांतून चारी बाजूंना धावलं. बाहेर कुणीतरी बाई ओकली.

मग लिंबाजीची पाळी. तो या क्षणाची चौदा महिने वाट बघत होता, आणि तो क्षण आयता सापडला. आत शिरून त्यानं पडलेल्या माणसावर चाबूक चालवला. चेहऱ्यावर, मानेवर, मोडक्या हातावर. ह्या वेळी खांब नव्हता. बन्सीधर दगडाभोवती लोळत होता, पिठात आणि रक्तात माखून, आणि लिंबाजी एकेका फटक्याला म्हणत होता, "फसवतो? आमच्या पोरीला फसवतो?" दमेपर्यंत मारलं. मग वळला आणि तोच चाबूक चांगुणावर उगारला. "आन तू. तुला सांगितलं हुतं का न्हाई? खानदानाचं नाक कापलंस."

चांगुणा आकसली नाही. डाव्या हातात हातोडा तसाच होता, त्यावरून थेंब पडत होते. "दादा," ती म्हणाली, "हात खाली घे."

लिंबाजी तसाच उभा.

"ह्या घरात आता कुनाचाच हात उठायचा न्हाई. तुझा तर न्हाईच. खाली घे, न्हाईतर दगडावर ठिव."

लिंबाजीनं हात खाली घेतला. गर्दीकडं बघून हसायचा प्रयत्न केला. कुणी हसलं नाही. तो चाबूक गुंडाळत निघून गेला.

मग सरजाबाईनं जे केलं ते कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती बन्सीधरपाशी बसली, त्याचा मोडलेला हात उचलून उलटसुलट बघितला. बाजारात बैलाचा पाय बघावा तसा. मग त्याचंच उपरणं त्या हाताला करकचून बांधलं. तो किंचाळला तर म्हणाली, "गप." आणि चांगुणाला म्हणाली, "मी ह्याला घेऊन जाते."

"ह्याला? कशाला?" मी मध्ये पडले. "बाई, ह्यानं तुझा हात मोडलाय."

"म्हनूनच. आता त्याचाबी मोडला," सरजाबाई म्हणाली. "लग्नाचा नवरा हाय माझा. आजपतुर कामाचा न्हवता, आता मारायच्या कामाचा ऱ्हायला न्हाई. आता नेता येतो." मग चांगुणाकडं वळून, जरा हळू, "तुला ठिवायचा हाय का? तुला ठिवायचा आसंल तर सांग."

बन्सीधरनं मान उचलली आणि चांगुणाकडं बघितलं. सुजलेल्या डोळ्यातून, आणि पुन्हा त्याच मऊ आवाजात म्हणाला, "चांगुणा. मी तुला कधी बोट लावलं का, सांग."

चांगुणा त्याच्याकडं बघत राहिली. तिचे ओठ हलले, मला वाटलं ठेवते आता. ती म्हणाली, "उठलात कसे त्ये बघितलं म्या." आणि दारातून बाजूला झाली, त्यांना जायला वाट मिळावी म्हणून.

आमच्याच गल्लीतल्या एका टमटममध्ये त्या दोघांना घातलं. मी चांगुणाला घेऊन दवाखान्यात गेले. तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचे जमादार आले. बन्सीधरनं दवाखान्यात जबाब दिला होता की काम करताना दगड हातावर घसरला. दुसरं काही सांगितलं असतं तर जिवंत बायको असताना केलेलं लग्न आणि सरजाबाईचं मनगट, सगळंच वर आलं असतं. जमादारांनी मला विचारलं, "बाई, तुमी समोरच राहता. काय पाहिलं?" मी शिकवणारी बाई, खोटं बोलत नाही. मी म्हटलं, "दगड लय जड असतो साहेब." त्यांनी ते लिहून घेतलं. चांगुणाला खांद्याबद्दल तक्रार द्यायची का विचारलं तर ती नाही म्हणाली. मी समजावून पाहिलं, ऐकलं नाही.

सरजाबाईचा दिवाळीत फोन आला होता, माझ्या मोबाइलवर. बन्सीधर निंबाखाली बसून असतो, तीच भरवते, आणि भाजीत मुद्दाम मीठ जास्त घालते. "खातो गपगुमान," म्हणाली. मी हे चांगुणाला अगदी रंगवून सांगितलं. ती हसली नाही.

तिचं हाड जरा वाकडं जुळलं. गिरणी चालू आहे. दगडाचे दात पाडायला आता सेलूहून एक म्हातारा येतो, तो काम करत असला की ती आत जाऊन बसते. लिंबाजीच्या घरचं दळण येतं, तो स्वतः घेऊन येतो आणि नंबर लावून उभा राहतो. परवा रविवारी गिऱ्हाईक कमी होतं. चांगुणा माझ्याशेजारी पोत्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, एक इचारू? तुमी शिकलेल्या हाव. ते चौदा महिने खरे हुते का खोटे?"

मी मांडीवरचं पीठ झटकलं.

"मला तर खरेच वाटले," ती म्हणाली. "अंगाला तर खरेच वाटले."

तेवढ्यात चांगलं भरलेलं ज्वारीचं डबडं घेऊन एक बाई आली. चांगुणानं पट्टा चढवला, बटण दाबलं आणि डबडं पायानं माझ्याकडं सरकवलं. उजव्या हातानं आता तिला एवढं वजन वर नेता येत नाही. मी उठले, डबडं उचललं आणि गिरणीच्या वरच्या तोंडात ओतलं.